हुन्नराची आणेवारी

पिकांची आणेवारी ठरविण्याची जी रीत महसूल खात्याने आपल्या मुलखात रूढ केली, तिच्या आकड्यांविषयी खानदेशातील शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ असल्या तरी तिच्यामागील तत्त्वाविषयी कोणी शंका घेतलेली मी ऐकिली नाही. गावची समिती शेतावर जाते, नमुन्याचा तुकडा निवडून त्यातील पीक कापते, मळते, तोलते, आणि मगच आकडा कागदावर चढतो. पुढे दशमान नाणी आली तेव्हा आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, परंतु उभ्या पिकाकडे बांधावरून नुसते पाहून ‘सोळा आणे’ असे म्हणून निघून जाऊ नये, हा शिरस्ता कायम राहिला. ज्वारी-कपाशीची एवढी मोजदाद ज्या राज्यात होते, त्याच राज्यात घरातला बिघडलेला संगणक उघडावयास पेचकस घेऊन बसलेल्या इसमाच्या हुन्नराची आणेवारी ठरविण्याची मात्र कोणतीही तजवीज नसावी, ही गोष्ट मला बरेच दिवसांपासून खटकत आली आहे.

अशी तजवीज झालीच तर तीत एक अडचण उद्भवेल, तीही येथेच नमूद करून ठेवितो. पैसेवारी पन्नासाच्या आत आली म्हणजे टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. त्यामुळे आपल्या शिवाराचा आकडा होईल तितका खाली यावा म्हणून तलाठ्यापुढे अजिजी करणारा, यंदा कपाशीत काही राम नाही असे शपथेवर सांगणारा, बोंडअळीचे वर्णन करताना ज्याचा कंठ दाटून येतो असा गृहस्थ, स्वतःच्या तांत्रिक ज्ञानाचा प्रश्न निघाला की एकदम सोळा आण्यांच्या वर जातो. शेतीच्या बाबतीत इतका विनयशील माणूस मदरबोर्डच्या बाबतीत इतका बेदरकार कसा होतो, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

सरकारनेही या कामी आपली जबाबदारी अर्धीच पार पाडिली आहे. घरात विजेची जोडणी करावयाची असेल तर परवानाधारक माणूस लागतो. जळगाव व धुळे येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी अशी भारदस्त नावे धारण करून तरुण बाहेर पडतात, आणि भिंतीतल्या तारेला हात लावण्याचा अधिकार कोणास आहे व कोणास नाही, हे कागदोपत्री तरी निश्चित असते. परंतु तीच वीज भिंतीतून निघून तीन पिनांच्या वायरीने एकदा का टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीत शिरली, की कायद्याचा अंमल जणू त्या सॉकेटापाशीच संपतो. तेथून पुढे ज्याच्या हाती पेचकस तो कारभारी.

या अराजकात लोकांनी आपापली प्रमाणे शोधून काढली आहेत. धुळ्यास आमचे एक आप्त आहेत. कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झाले. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटी नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे सरकारी नोकरांस तो उत्तीर्ण होणे भाग पडले, तेव्हा आप्पांनीही आपल्या उतारवयात, नातवाच्या वयाच्या मुलांबरोबर बसून, ती परीक्षा दिली. तिचे प्रमाणपत्र प्लास्टिकचे वेष्टन चढवून देवघराच्या भिंतीवर लटकविले आहे. त्या अभ्यासक्रमात पत्र कसे टंकावे आणि कोष्टकाची बेरीज कशी घ्यावी हे शिकवितात. पेटीचे झाकण कसे उघडावे हे शिकवीत नाहीत. परंतु गल्लीतील कोणाचाही संगणक बंद पडला की आप्पांस बोलावणे येते, आप्पा चष्मा लावून त्या मृत पडद्याकडे एखाद्या वादग्रस्त फेरफाराच्या नोंदीकडे पाहावे तसे पाहतात, आणि ‘सदर प्रकरणी हार्डवेअरचा दोष दिसतो’ असा शेरा मारून चहा घेऊन परत येतात. त्यांनी आजवर एकही स्क्रू फिरविलेला नाही, यामुळे त्यांच्या हातून आजवर एकही यंत्र बिघडलेले नाही. या कारणास्तव मी त्यांची आणेवारी पुष्कळ वर धरतो.

दुसरे प्रमाण पदवीचे. घरातला मुलगा ‘कॉम्प्युटर इंजिनिअर’ आहे, एवढ्यावरून तो छपाईयंत्रात अडकलेला कागद ओढून काढू शकेल, मोबाइलची काच बदलील, आणि वेळ पडल्यास दूरचित्रवाणीची छत्रीही फिरवून देईल, असे समाज गृहीत धरतो. पुण्यास वा बंगळुरास बसून बँकांच्या हिशेबाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या त्या बिचाऱ्याने पेटीच्या आतला भाग चित्रातच पाहिलेला असतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात सोयरिकीच्या बोलणीस आलेल्या अशा एका वरापुढे पोहे झाल्यावर, मुलीच्या आधी, घरातला बंद पडलेला लॅपटॉप आणून ठेविला गेला. वराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि ‘बॅटरी काढून बघा’ असे सांगितले. बॅटरी आत बंदिस्त होती, निघण्याजोगी नव्हती. सोयरीक जुळली खरी, परंतु मुलीच्या काकांच्या मनात त्याच्या शिक्षणाविषयी जी शंका उत्पन्न झाली ती लग्नाच्या पंगतीतही पुरती मावळली नव्हती.

आणि तिसरे प्रमाण वतनाचे. अमळनेर तालुक्यातील लोकांचा संगणकावर काही वंशपरंपरागत हक्क पोहोचतो, असे तिकडील आमचे जिभाऊ गंभीरपणे मानतात, आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे हे नाकारता येत नाही. १९४५ साली अमळनेरास महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ साली वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी शिक्षण अर्ध्यावर टाकून परतले. १९७८ साली आयबीएमने या देशातून आपला बाडबिस्तरा हलविला आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत जे देशी कारखानदार उतरले त्यांत ही तुपाची कंपनीही होती. तीच विप्रो. गावातील ज्या शहाण्या लोकांनी तिचे भाग घेऊन ठेविले व विकले नाहीत ते श्रीमंत झाले. ज्यांनी घेतलेच नाहीत त्यांस निदान संगणक उघडण्याचा नैतिक अधिकार प्राप्त झाला. जिभाऊ दुसऱ्या वर्गातले.

आता प्रत्यक्ष आणेवारीकडे वळतो. दोन आण्यांचा हुन्नर म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे. याची चेष्टा करण्याचा प्रघात आहे, परंतु जगातील निम्मी दुरुस्ती या दोन आण्यांतच होते, आणि तीत कोणाचे बोट भाजत नाही.

चार आणे खोडरबरवाल्यांना द्यावेत. संगणक सुरू होताना नुसताच ‘पी पी’ असा आवाज करून थांबला, पडदा काळा राहिला, की हा इसम रॅमची पट्टी उपटून काढतो, शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर मागून घेतो आणि तिच्या सोनेरी दातांवर तो अशा भक्तिभावाने घासतो की पाहणाऱ्याने हात जोडावेत. पट्टी पुन्हा बसविताच यंत्र चालू होते. वस्तुतः अनेकदा पट्टी काढून नीट दाबून बसविणे एवढ्यानेच काम झालेले असते, कारण आपल्याकडच्या धुळीने आणि उन्हाळ्या-हिवाळ्याच्या प्रसरण-आकुंचनाने ती खाचेतून किंचित सैल झालेली असते. परंतु श्रेय खोडरबरास जाते, आणि त्या घरात पुढे छपाईयंत्र बिघडले तरी प्रथम खोडरबर शोधला जातो. तरीही हा माणूस निरुपद्रवी आहे. वीज बंद करून, प्लग काढून, पट्टी पुसणाऱ्यास बाधा होत नाही. वर्षातून एकदा धूळ झाडणारे, आणि तारीख सारखी मागे जाते म्हणून मदरबोर्डावरची तीन व्होल्टची रुपयाएवढी बॅटरी बदलणारे हेही याच पंक्तीत बसतात.

खरे संकट आठ आण्यांपासून सुरू होते. याच्या हातून दोन-चार यंत्रे सुरू झालेली असतात, आणि ती कशामुळे सुरू झाली हे त्यास ठाऊक नसते. एक दिवस त्याची दृष्टी पेटीच्या मागल्या कोपऱ्यातल्या त्या बंद पत्र्याच्या डब्यावर जाते, ज्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात. डब्यावर विजेच्या बाणाचे चित्र असते, उघडू नये अशी इंग्रजीत ताकीद असते, आणि स्क्रू चारच असतात. इंग्रजी ताकीद आणि चार स्क्रू यांच्या झगड्यात स्क्रूंचा विजय ठरलेला असतो. घरात येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज त्या डब्यात प्रथम सुमारे ३२५ व्होल्टची एकदिश वीज होते आणि दोन जाडजूड कपॅसिटरांत साठते. प्लग काढला तरी तो साठा काही काळ तेथेच राहतो. चांगल्या स्थितीतल्या डब्यात तो थोड्या वेळाने आपोआप ओसरण्याची व्यवस्था असते खरी, परंतु चांगल्या स्थितीतला डबा उघडतो कोण? उघडला जातो तो बिघडलेला, आणि जी व्यवस्था बिघडली असेल ती नेमकी हीच नसेल, याची हमी कोणी द्यावी?

आठ आण्यांच्या गृहस्थाजवळ यावर उत्तर असते, आणि ते उत्तर म्हणजे टेस्टर. खिशाला लेखणीप्रमाणे लावलेला तो दिव्याचा पेचकस कपॅसिटरच्या एका टोकाला टेकवितो, दिवा लागत नाही, तो आश्वस्त होतो. येथे पदार्थविज्ञान त्याच्याशी मोठा दगा करिते. टेस्टरचा दिवा लागतो तो विजेला आपल्या देहातून जमिनीकडे जाण्यास वाट मिळते म्हणून. प्लग काढलेल्या डब्यातील साठा मात्र कपॅसिटरच्या स्वतःच्याच दोन टोकांमध्ये कोंडलेला असतो, त्यास जमिनीशी काही कर्तव्य उरलेले नसते. म्हणून एका टोकास टेस्टर लाविला तर दिवा विझलेला राहतो, आणि दोन टोकांस दोन बोटे लागली तर बोटांचा मालक आपल्या जागी राहत नाही.

जिभाऊंनी या डब्याचा आणखी एक अभिनव उपयोग शोधून काढिला होता. जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर एक तांबडी कळ असे, तिच्या एका बाजूस २३० आणि दुसऱ्या बाजूस ११५ असे आकडे. अमेरिकेसारख्या देशात, जेथे विजेचा दाब निम्मा असतो, तेथे कळ ११५ वर न्यावी असा तिचा हेतू. जिभाऊंनी आकडे वाचले, महावितरणचे ताजे देयक मनात आणिले, आणि निम्म्या विजेत काम होत असताना आपण इतकी वर्षे पूर्ण वीज का जाळीत आलो याचा खेद करीत ती कळ ११५ वर सरकविली. पुतण्याने ‘जिभाऊ, काही व्हई तं?’ असे भीत भीत विचारले. ‘काही व्हत नही, लाव तू,’ असे फर्मान सुटले. पुतण्याने बटण लाविले. आवाज दोन घरे ऐकू गेला. त्या महिन्याचे देयक मात्र खरोखरच कमी आले, कारण नवा एसएमपीएस येईपर्यंत संगणक बंद होता. हा मुद्दा जिभाऊ अद्याप सोडावयास तयार नाहीत.

खानदेशच्या हवापाण्याने या सर्व प्रकरणात जी भर घातली आहे तिची दखल बाहेरच्या ग्रंथकारांनी घेतलेली दिसत नाही. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, हवेतील ओलावा नाहीसा होतो, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवरून टेरिकॉटची विजार घालून उठलेल्या माणसाने दाराच्या कडीस हात लाविला तर चटका बसतो. हा चटका माणसास जाणवण्यासाठी अंगावर साधारण तीन हजार व्होल्टांचा स्थिर भार साचावा लागतो. संगणकातील नाजूक चकत्या शे-दोनशे व्होल्टांतही कायमच्या जायबंदी होऊ शकतात. म्हणजे ज्या माणसास काहीच जाणवले नाही, त्यानेच बहुधा घात केलेला असतो. यावर उपाय म्हणून रॅमला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा असे जाणते लोक सांगतात, आणि तो उपाय योग्य आहे. परंतु आपल्याकडे पुष्कळ घरांत पेटीला हात लावण्याचीच भीती असते, कारण तिला ‘झिणझिण्या’ येतात.

या झिणझिण्यांविषयी आमच्या लोकांनी जी सहिष्णुता दाखविली आहे ती अन्य कोणत्याही क्षेत्रात दाखविली असती तर आपले अर्धे तंटे मिटले असते. ‘थोडा करंट राहतोच’, ‘नवीन आहे, जाईल’, ‘चप्पल घालून बसत जा’ असे उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कारण साधे असते. एसएमपीएसच्या आत विजेचा उपद्रव गाळण्यासाठी बसविलेले दोन छोटे कपॅसिटर पत्र्याशी जोडलेले असतात, आणि त्यांतून झिरपणारी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावरच रेंगाळते. आणि अर्थिंग नसते, कारण एक तर प्लगची तिसरी, जाड पिन दोन खाचांच्या बोर्डात बसत नाही म्हणून कोणीतरी पक्कडीने तोडून टाकिलेली असते, किंवा घर बांधताना मीठ-कोळसा घालून अर्थिंगची पट्टी पुरलेल्या खड्ड्यात नंतर कोणी पाणी घातलेले नसते. आपली काळी कसदार जमीन, जिच्यावर खानदेशाची कपाशी उभी राहिली, ती एप्रिलात वितीवितीच्या भेगा टाकून कोरडी ठणठणीत होते, आणि त्या पट्टीचा मातीशी असलेला संबंध तुटतो. पावसाळ्यात जे यंत्र गुण्यागोविंदाने नांदत होते ते उन्हाळ्यात का चावू लागले, याचे उत्तर मदरबोर्डात शोधणाऱ्या कारागिरापेक्षा परसात जाऊन खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतणाऱ्या आजीबाईंची आणेवारी मी वरची लावीन.

फुगलेल्या लॅपटॉप-बॅटरीस पेचकसाच्या टोकाने उचकटणाऱ्या वीरांविषयी अधिक लिहीत नाही. लिथियमला भोक पडले म्हणजे जे होते ते पाण्याच्या बादलीने सहजी आटोक्यात येत नाही.

देहाला अपाय न करता होणारा एक अनर्थ मात्र राहिला, आणि त्याची जागा योगायोगाने धुळे आहे. ज्या शहरात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरच्या दिवशी देह ठेविला, ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढल्याच वर्षी तेथे स्थापन होऊन गावोगावच्या पडव्यांतून, माळ्यांवरून, वाण्याच्या पुड्यांतून वाचविलेल्या कागदपत्रांचा सांभाळ करीत आले, ज्या शहरातील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांची जपणूक होते, त्या शहरात ‘विंडोज उडाली’ असे म्हणताच आठ आण्यांचा तरुण कपाळास आठी न घालता विचारतो, ‘फॉरमॅट मारू का?’ त्याच्या औषधीकोशात हे एकच औषध आहे, आणि ते गुणकारी आहे यात संशय नाही. रोग जातो, परंतु त्यासोबत वीस वर्षांची छायाचित्रे, मुलीच्या लग्नाचा खर्च, वाटणीपत्राचा मसुदा आणि आजोबांच्या आवाजातली एकमेव फीतही जाते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती आपल्या हाताने उतरून घेतली, म्हणून आज ती आपणांस उपलब्ध आहेत. ती लॅपटॉपवर उतरली असती आणि सहाव्या-सातव्या अध्यायाच्या सुमारास यंत्र अडखळू लागून बराकीतील एखादा उत्साही तरुण मदतीस धावला असता, तर मराठी वाङ्मयाचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. तेव्हा स्क्रूस हात लावण्यापूर्वी ‘बॅकअप आहे का?’ असे जो विचारतो, त्याच्या पदरी तेवढ्या एका प्रश्नासाठी चार आणे अधिक टाकावेत.

सोळा आण्यांचा माणूस अशा वेळी कोठे असतो? जळगावात तो बहुधा गोलाणी मार्केटच्या त्या मजल्यामजल्यांच्या गजबजाटात, दोन माणसे समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्यास वाट नाही अशा एखाद्या गाळ्यात बसलेला सापडतो. त्यास ओळखण्याच्या खुणा मी दुरून पाहून ठेविल्या आहेत. त्याच्या टेबलावर शंभर वॅटचा एक साधा जुना बल्ब लाकडी फळीवर बसविलेला असतो. बिघडलेला एसएमपीएस तो थेट भिंतीच्या विजेला कधी जोडीत नाही, त्या बल्बाच्या मागोमाग जोडतो. आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि डबा वाचतो, नसेल तर बल्ब क्षणभर चमकून मंदावतो. चालू यंत्रात काही तपासावयाचे झाले तर त्याचा डावा हात पाठीमागे असतो, कारण वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडताना वाटेत काळीज लागते, हे त्याच्या उस्तादाने त्यास पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. कपॅसिटरांकडे तो प्रथम नुसत्या डोळ्यांनी पाहतो. डोके सपाट असलेले ठीक, फुगलेले बाद. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तैवानकडचे सदोष कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसून असे फुगत होते, आणि मोठमोठ्या कंपन्यांस जे उशिरा उमगले ते या गाळ्यांतील लोक बोटाने टोपी चाचपून सांगत असत. आणि सर्वांत मोठी खूण ही की, तो पेटी उघडण्यापूर्वी विचारपूस करितो. कधी बंद पडले, त्या वेळी लाईट गेली होती काय, वास आला काय, आणि याआधी कोणी खोलले होते काय.

या शेवटल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यास आजवर कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

गेल्या उन्हाळ्यात जिभाऊ आपला संगणक उपरण्यात बांधून अमळनेरहून एसटीने जळगावास घेऊन आले, तेव्हा त्या गाळ्यात मी त्यांच्यासमवेत होतो. कारागिराने पेटी फिरवून पाहिली. तीन स्क्रूंची डोकी चघळल्यासारखी झाली होती, चौथ्याच्या जागी खिळा होता, आणि डब्याच्या तोंडाशी सोललेल्या वायरीवर शालेय पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्याने रीतसर जबाब घ्यावा तसे विचारले, ‘याला आधी कोणी हात लावला होता का?’

जिभाऊंनी टोपी काढून घाम पुसला, बाहेरच्या रखरखाटाकडे एकवार पाहिले, आणि निर्विकार मुद्रेने सांगितले, ‘कोनीच नही भाऊ. ऊन इतलं शे, आपोआप खुली गये व्हई.’

कारागिराने मान डोलाविली, पावतीवर ‘कारण’ या रकान्यात ‘उष्णता’ असे लिहिले, आणि ‘दर’ या रकान्यात मात्र ऋतुमानाचा यत्किंचितही परिणाम न झालेला आकडा घातला.